धन्याला सोडायचं नाही

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात एक बाई पगार घेऊन नुसती वाचत बसते, असं बाहेर कुणाला सांगितलं तर तो हसायचा. पण मालक काही दानशूर नव्हता. काकूंची बोटं आखडली, कागदाच्या घड्या तिरक्या पडायला लागल्या, तेव्हा तो त्यांना घरीच पाठवणार होता. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की काकू काही वाचून दाखवत असल्या की बायकांची तोंडं बंद राहतात आणि हात चालतात. मग त्यानं काकूंना खिडकीपाशी खुर्ची दिली, आणि खुर्चीबरोबर अट. "बायकांचे हात थांबले, की तुमचं वाचन थांबलं." वाचन थांबलं म्हणजे दिवसभर घरी, सुनेच्या राज्यात. त्यापेक्षा काकूंना भुतं परवडत.

भुतं मालकाचा मेहुणा पुरवायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीत खून पाडायचा. त्याची कादंबरी छपाईवरून एकदम येत नसे. छापलेला मोठा कागद, म्हणजे फर्मा, एकेक करून यायचा. बायका त्याच्या घड्या घालायच्या, काकू एक घडी घेऊन वाचायच्या, आणि पुढचा फर्मा येईपर्यंत सगळ्या लटकलेल्या. हाताखालचा कागद चोरून वाचायचा नाही, हा तिथला नियम. नजर घडीच्या रेघेवर, कान काकूंकडे.

या खेपेच्या कादंबरीतला धनी भारी निघाला. डोंगरावर एकटी गढी, गढीत हा धनी, आणि तळघरात त्यानं कोंडलेली बायको. रोज संध्याकाळी जिना उतरून यायचा, दाराला गाल लावायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "भूक लागली का गं?" आणि जेवण न देताच वर जायचा. काकू तो आवाज असा काढायच्या की शिलाई मशीनवरची ताई म्हणायची, "काकू, तुम्ही घरीपण असंच बोलता का? सुनेचं कठीण आहे बाई."

मधल्या फर्म्यात बायको निसटली. बायकांचे चेहरे असे उजळले, जसा काही पगार वाढला. आता राहिला शेवटचा फर्मा आणि धन्याचा निकाल.

जेवणाच्या सुट्टीत काकूंनी तो फर्मा एकट्यानं वाचला. धनी सुटत होता. खुशाल बग्गीत बसून, पूल ओलांडून, हसत हसत परगावी. संपली कादंबरी. हे वाचलं तर एकीचाही हात चालणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. म्हणून सुट्टी संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला, घडी उघडली, आणि कागदावर नसलेलंच वाचायला सुरुवात केली.

आणि काय रंगल्या. बायको परत आली, धन्याला तळघरात लोटलं, दार चिणायला घेतलं. एक वीट, एक किंकाळी. "अजून," खळ लावणारी म्हणाली. काकूंनी तळघरात उंदीर सोडले. "थोडेच?" ताई म्हणाली. काकूंनी उंदीर वाढवले. घड्यांचा ढीग कधी नव्हे इतका भरभर चढत होता. आणि सगळ्यांत गरीब म्हणून जिची ख्याती, जी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायची, ती मुकी म्हणून ओळखली जाणारी पोरगी मान वर न करता म्हणाली, "लगेच मारू नका काकू. रडू दे त्याला. मजा येतेय."

काकू वाचायच्या थांबल्या. धन्याचा आवाज इतके दिवस त्या काढत होत्या, पण आज तो समोरून आला होता. खरं तर त्यांनाही मजाच येत होती, आणि तेच त्यांना लागलं.

त्या थांबल्या म्हणून मुकीला राहवलं नाही. तिनं नियम मोडून हाताखालचा कागद फिरवला. "काकू," ती म्हणाली, "इथं तर तो बग्गीत बसून हसतोय."

सगळे हात थांबले. भिंतीपलीकडून मालकाला शांतता ऐकू आली आणि तो धावतच आला.

"काय झालं?"

"धनी सुटला," ताई म्हणाली. "आम्ही याच्या घड्या घालणार नाही."

"अहो, पुस्तकातला माणूस तो."

"मग बदला की. पुस्तकातलाच आहे."

मालकानं काकूंच्या खुर्चीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच रिकामी झाली आहे. मेहुण्याला शाळेतून बोलावणं गेलं. तो खडूचे हात घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, जगात वाईट माणसं सुटतात. मी खरं लिहिलं."

"ते आम्हाला घरी फुकट कळतं," खळवाली म्हणाली.

"आणि नवीन कागद मी देणार नाही," मालक म्हणाला. "आधीच सांगतो."

काकू उठल्या. "नवीन कशाला? शेवटचं पान कोरंच आहे. घड्या न घातलेले कागद परत छपाईवर घाला. बग्गी राहू दे. पण मास्तर, बग्गी हाकतंय कोण?"

मेहुण्याचे डोळे असे चमकले की मालकानं कपाळाला हात लावला. "बायको," तो म्हणाला.

"उंदीर घाला," ताई म्हणाली.

"उंदीर नाहीत," काकू म्हणाल्या. "वीटही नाही. मघाशी मी फार पुढे गेले होते."

कोऱ्या पानावर जे छापलं, ते काकूंनी दुसऱ्या दिवशी वाचलं, यावेळी कागदावरचंच. बग्गी पूल ओलांडून वळली आणि गढीसमोर थांबली. धनी तळघरात, किल्ली बायकोच्या हातात. ती दाराला गाल लावून उभी राहिली. ओठांवर आलं, "भूक लागली का रे?" आणि आपला आवाज ओळखून ती दचकली. इथं पान संपलं.

"म्हणजे? उघडलं की नाही?" खळवाली म्हणाली.

"उघडते कशाला," ताई म्हणाली, आणि जुंपली. निम्म्या उघडा म्हणत होत्या, निम्म्या नका म्हणत होत्या, आणि भांडणाच्या जोरात घड्या अशा पडत होत्या की मालक दारातून पाहून परत गेला. खुर्ची वाचली.

मुकी मात्र कुठल्याच बाजूला नव्हती. काकूंनी विचारलं, "किल्ली तुझ्याकडे असती तर?"

तिनं एक घडी पुरी केली, लाकडी पट्टीनं दाबली.

"दार नसतं उघडलं," ती म्हणाली. "पण खालच्या फटीतून ताट सरकवलं असतं."