शीमावशी आणि कापलेला लूप

मावशीला घाण खपत नसे. केरकचरा तर नाहीच, पण माणसांनी करून ठेवलेली कुठलीच घाण खपत नसे. विमानातून उड्या मारायच्या मैदानावर ती अठरा वर्षं राखीव छत्र्या घड्या घालून बंद करत होती, आणि या अठरा वर्षांत तिच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे ‘शी!’ त्यामुळे पाठीमागे सगळे तिला शीमावशी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपले मोजे धुवावेत.

तिची खोली शेडच्या टोकाला. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, भिंतीवर कात्र्या आणि चिमटे ओळीनं टांगलेले, दाराशी पायपुसणं. बूट घालून आत आलेला माणूस दुसऱ्यांदा तसा येत नसे. उडी मारून आलेले लोक छत्रीच्या पिशवीचे घामानं थबथबलेले पट्टे आणून तिच्या टेबलावर आपटत. कुणाच्या पट्ट्याला च्युइंगम चिकटलेलं. कुणी वर भीतीनं ओकलेला असे आणि ते बाहीनं पुसून पिशवी तशीच पुढे सरकवत असे. “शी! घरी काही शिकवलंय की नाही?” असं म्हणत मावशी रबरी हातमोजे चढवायची. पूर्वी ती तंबूंच्या कारखान्यात शिवणकाम करायची. इथं फाटलेलं कापड शिवायला म्हणून आली, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी रात्रंदिवस अभ्यास करून राखीव छत्रीची परीक्षा पास झाली. स्वतः तिनं एकही उडी मारली नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, “मला कसली घाई आहे खाली यायची?”

उडी मारणाऱ्याच्या पाठपिशवीत दोन छत्र्या असतात. मोठी छत्री रोजची. तिच्या घड्या बाहेर शेडमध्ये शिंपीदादा घालत. साठीचे, अबोल गृहस्थ, पूर्वी खरोखरच शिंपी होते. दुसरी राखीव, मोठी उघडली नाही तर जीव वाचवणारी. तिला मावशीखेरीज कुणी हात लावायचा नाही असा नियमच होता.

नवशिक्यांचा तिला विशेष तिटकारा होता. अगदी पहिल्या उडीला आलेल्यांचा नाही. ते बिचारे घाबरलेले असतात, सांगितलेलं ऐकतात, चार वेळा पट्टे तपासून घेतात. तिला किळस यायची ती तीस-चाळीस उड्या झालेल्यांची. चाळीस उड्या झाल्या की माणसाला शिंगं फुटतात. मग त्याला लहान, वेगवान छत्री हवी असते. वाऱ्याचा जोर दाखवणारा खांबावरचा कापडी पट्टा दोरीसारखा आडवा ताणलेला असला तरी तो म्हणतो, जाऊ या, काही होत नाही. असाच एकजण जमिनीजवळ आल्यावर ऐटीत वळायला गेला आणि दोन्ही पाय मोडून घेऊन बसला. मावशी त्याला दवाखान्यात भेटायला गेली होती. फळं दिली, पाऊण तास बोलणी दिली आणि परत आली.

आणि असा शिंगं फुटलेला एक माणूस तिच्याच घरात निघाला. तिचा जावई.

जावई विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. दिवसभर लोकांना जिवाची काळजी घ्यायला सांगायचा आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारायचा. त्रेचाळीस उड्या झाल्या होत्या. मधे चार महिने कामाच्या व्यापात तो फिरकलाच नव्हता, आणि त्या शनिवारी सकाळी पुन्हा आला. चव्वेचाळिसाव्या उडीला तो तेरा हजार फुटांवरून निघाला आणि राखीव छत्रीनं खाली उतरला. मैदानाच्या कडेला, गवतात, पण धडधाकट. हातात राखीव छत्री उघडायची लोखंडी रिंग उंच धरून तो शेडमध्ये आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मोठीची मूठ ओढली, पण छत्री बाहेरच येईना,” तो प्रत्येकाला सांगत होता. “घडीत काहीतरी घोळ होता. मी वेळ घालवला नाही. तीन हजारांवर सरळ रिंग ओढली.” लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. शिंपीदादा कोपऱ्यात मटकन खाली बसले. सकाळी घातलेली घडी ते हवेतल्या हवेत पुन्हा पुन्हा घालून बघत होते, इकडून, मग तिकडून.

मावशीला आधी रडूच आलं. जावई वाचला, लेकीचं कुंकू वाचलं. तोंडावर पाणी मारून, हातमोजे चढवून तिनं ती पिशवी टेबलावर घेतली, कारण जावयाला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पुन्हा हवी होती. आणि पिशवी उघडता उघडता तिचे हात थांबले.

राखीव छत्रीच्या पिशवीचं झाकण दोरीच्या एका छोट्या लूपनं बंद असतं. लूपमध्ये पिन अडकवलेली असते. माणसानं रिंग ओढली की पिन निघते, लूप अख्खा राहतो. पण पिशवीत एक डबीसुद्धा असते. माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याचं भान सुटलं, आणि तो साडेसातशे फुटांवर येऊनही दगडासारखा पडतच असला, तर ही डबी आपणहून काम करते. ती पिनेच्या वाटेला जात नाही. तिच्यातलं इवलंसं पातं लूपच कापून टाकतं.

लूप कापलेला होता. कात्रीनं कापावा तसा, स्वच्छ.

मावशीनं मोठ्या छत्रीचा कप्पा बघितला. तो बंदच होता. मूठ पिशवीच्या खिशातच, शिंपीदादांची घडी सकाळी होती तशी. म्हणजे या माणसानं मुठीला हात लावला नव्हता आणि वर असताना रिंगलाही लावला नव्हता. चार हजार फुटांवर छत्री उघडायची, असं पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. हा तिथून पुढे आणखी अठरा सेकंद तसाच खाली आला, आणि डबीनं काम केलं नसतं तर आणखी चार सेकंदांत संपला असता. मग गवतात उभं राहून त्यानं रिंग ओढली आणि टाळ्या घ्यायला आला. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ओकाऱ्या, घाम, च्युइंगम सगळं तिनं आजवर पुसलं होतं. हे कशानं पुसायचं ते तिला कळेना.

लूप चिमट्यात धरून ती उडीमास्तरांकडे गेली. मास्तर नव्या लोकांना शिकवायचे आणि कुणी उडायचं, कुणी नाही ते ठरवायचे. त्यांनी लूपकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले.

“माणूस हातीपायी धड आहे ना, मावशी? मग झालं तर. साहित्यात बिघाड, असं लिहून टाकतो. कुणाचं नाव नको.”

“कुणाचं नाव नको कसं? बाहेर सगळे शिंपीदादांचंच नाव घेतायत. त्यांनी सकाळपासून घोटभर पाणी घेतलेलं नाही.”

“त्यांचंही वय झालंय आता.”

“शी! मास्तर, तुम्हीसुद्धा?”

मास्तरांनी तोंड तिच्याकडे वळवलं. “आणि आज सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी. जावई चार महिन्यांनी आलेत, नियमानं उजळणी करून घ्यायला हवी, बसवू का वर्गात? तुम्ही काय म्हणालात?”

सकाळी मावशी काहीच म्हणाली नव्हती. नुसते खांदे उडवले होते. मागे एकदा जेवताना तिनं जावयाला पट्टा नीट आवळत जा म्हणून सांगितलं होतं, तर तो महिनाभर सासूशी बोलला नव्हता आणि लेक फोनवर रडली होती. तेव्हापासून मावशी जावयापुढे मूग गिळून बसायची. दुसऱ्या कुणाचा जावई असता तर तिनं कान धरून त्याला वर्गात नेऊन बसवलं असतं. आपल्याच गप्प बसण्याची तिला अशी काही शिसारी आली की तिनं हातमोजे काढून नळाखाली हात दोनदा धुतले.

लेकीचं घर मैदानापासून मैलभरावर होतं, नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. दुपारी चारला मावशी तिथं पोचली तेव्हा शेजारचे लोक नुकतेच उठून जात होते. टेबलावर अर्धा केक होता. ती लोखंडी रिंग शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोला टेकवून ठेवली होती.

“या आई,” जावई म्हणाला. “नऊपर्यंत होईल ना काम? उद्या लगेच उडी मारायची म्हणतोय. एकदा भीती बसली की बसली.”

“जावईबापू, रिंग किती फुटांवर ओढलीत?”

“सांगितलं ना, तीन हजार.”

मावशीनं टेबलावर कागदी रुमाल अंथरला, त्यावर लूप ठेवला आणि लेकीकडे बघत सगळं सांगितलं. पिन काय करते, डबी काय करते, मोठ्या छत्रीचा कप्पा कसा मिळाला. आवाज चढवला नाही. एखादीला शिवण शिकवावी तसं सांगितलं. लेक दोरीच्या त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली.

“हे काय रे?” तिनं नवऱ्याला विचारलं.

जावयाचे कान लाल झाले. “आई, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?”

“मी छत्र्या बंद करते. तुम्हीच मधे आलात,” मावशी म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. “लोकांचं भान सुटतं, जावईबापू. चांगल्या चांगल्यांचं सुटतं. खाली येऊन तसं कबूल करायचं, आठवडाभर वर्गात बसायचं, संपलं. पण तुम्ही गवतात उभं राहून रिंग ओढलीत! एका म्हाताऱ्या माणसाच्या हातावर खापर फोडलंत आणि वर केक कापलात! तो माणूस तिथं भिंतीला टेकून बसलाय. मला किळस येते तुमची. आणि माझीही येते. सकाळी मास्तर तुम्हाला उजळणीला बसवत होते. सासूनं जावयाला काय सांगायचं म्हणून मी गप्प बसले. तेही मी लिहून देणार आहे.”

“आई, बास,” लेक म्हणाली. पण तिची नजर नवऱ्यावरच होती.

जावई खुर्चीत बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा झाला होता. “मी चादर बघत होतो.”

“कसली चादर?”

“काल आमचं ठरलं होतं. हिनं गच्चीवर पिवळी चादर हलवायची आणि मी वरून ओळखायची. गच्ची सापडायला जरा वेळ लागला. मग दिसली. इतकं छान वाटलं ना, आई. म्हटलं, अजून एक क्षण बघू. मग पाठीला हिसका बसला आणि वर बघतो तर छत्री.”

“हातावर उंची दाखवायला घड्याळ बांधता, ते शोभेला? कानात पिपाणी वाजते, ती?”

“नाही ऐकू आली. खरंच नाही. मी चादरच बघत होतो.”

मावशी आणखी काही बोलणार, तेवढ्यात लेकीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

“मी चादर लावलीच नव्हती,” ती म्हणाली.

“काय?”

“मला झोप लागली होती. विमानाचा आवाजसुद्धा आला नाही. तू घरी आलास तो ‘दिसली, दिसली’ करतच आलास. एवढा खूश होतास, म्हणून मीही हो म्हटलं. चादर कपाटात आहे. घडी मोडलेली नाही.”

जावई बायकोकडे बघत राहिला. सकाळपासून त्याच्या तोंडावर असलेली फुशारकी कुठल्या कुठे गेली होती.

“पण मला दिसली ना,” तो म्हणाला. “अगं, हलताना दिसली. तुझा हातसुद्धा दिसला.”

मावशीजवळ असल्या माणसांसाठी शब्दांचा भरपूर साठा होता, पण आता तोंडातून एक ‘शी’सुद्धा निघेना. किळस कधीच ओसरली होती. तिला भीती वाटत होती, आणि समोर बसलेल्या माणसालाही आज पहिल्यांदाच ती वाटत होती.

“आई,” त्यानं विचारलं, “नव्या लोकांचा वर्ग उद्या किती वाजता असतो?”

“सात वाजता,” मावशी म्हणाली. “पण शिंपीदादा आत्ता शेडमध्ये आहेत. आधी त्यांच्याकडे चला.”

तो उठला आणि चपला शोधू लागला.