लिंबावरच्या अळ्या आणि आईचा उजवा हात

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा परसातली लिंबाची रोपं जेमतेम गुडघ्याएवढी होती. तिकोणा पेठेतल्या आमच्या घरामागं तिनंच ती लावली होती. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी दारातनं आत जायच्या आधी तिनं विचारलं, "लिंबं जगली का?"

मी बेगडेवाडीला राहते आणि नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी करते. आईला माझ्याकडे न्यायचं मी ठरवूनच आले होते.

"मी हितंच राहणार," ती म्हणाली. झटक्यानं जीभ जड झाली होती, तरी एवढे शब्द स्वच्छ आले.

मग मीच रजा टाकली. पाय हळूहळू टेकू लागला, पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. आई तो दोनदा दाबायची आणि बाजूला टाकायची. "ह्ये काय काम हाय?"

एका सकाळी तिला परसात खुर्चीवर बसवलं. रोपांची कोवळी पानं कडेनं कुरतडलेली होती, काही शेंड्यांना तर नुसत्या शिराच उरल्या होत्या. पानांवर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी पुसायला गेले तर ते हललं. लिंबावरच्या अळ्या लहानपणी तशाच दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार होतात.

शेजारचे भाऊ पाठीवर पंप घेऊन कुंपणाशी आले. "मावशी, एक फवारा मारतो. सांजपातूर साफ."

"नगं. पल्याड शेवग्यावर मधमाश्या हायेत, त्यांच्यावर उडंल," आई म्हणाली. "हातानं येचीन."

"कुठल्या हातानं?" मी पटकन बोलून गेले.

तिनं उजवा हात डाव्यानं उचलून पानाजवळ नेला आणि अंगठा आणि तर्जनी जुळवायला लागली. अळी निसटली. पुन्हा धरली, तर चिरडली. तिसरीनं डोक्यातनं तांबडी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. मी पुढं झाले.

"तू हात लावू नगंस!"

मी मागं सरले. त्या सकाळी तिच्या चिमटीतून एकच अळी साबणाच्या पाण्याच्या डब्यात पडली. कपाळ घामानं भिजलं होतं, तरी ती उठायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी चहाआधीच परसात न्यायला सांगू लागली. आधी अळ्या, मग खालची वाळकी पानं, मग रोपाभोवतीचं गवत. चेंडूला कंटाळलेला हात अळीसाठी मात्र तासभर झगडायचा.

आई भिंतीला धरून एकटी चालू लागली, माझी रजा संपली आणि मी कामावर गेले. सुट्टीला आले तर आईच्या दंडावर मोठा काळानिळा डाग होता. शेवटच्या रोपाशी जाताना ती घसरून पडली होती. भाऊंनी हाक ऐकली म्हणून बरं.

"आता बास," मी ओरडले. "आज तू माझ्याबरोबर येतेस."

"पडले म्हून काय घर सोडू?" ती म्हणाली. "वाट निसरडी हाय. मी काय करू?"

मी रागानं घरात गेले. भांडी आपटत घासली. मग कुदळ घेऊन परसात आले. निसरडी माती खरवडून काढली, मुरूम टाकला, धुमसानं ठोकला. भाऊंनी बांबू तोडून दिले, त्यांचा कंबरेएवढा आडवा कठडा बांधला. संध्याकाळी माझे तळवे सोलले होते. आई कठड्याला धरून शेवटच्या रोपापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "हां. आता बरं झालं."

एक रोप अळ्यांनी खाल्लं ते खाल्लंच. बाकीची आता माझ्या खांद्याला लागतात. आईच्या हातात अजून भाकरी थापण्याचं बळ नाही आणि पूर्वीचं सगळं परत येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ती स्वतः वेणी घालते, विळीवर भाजी चिरते.

काल तिचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल.

"पेरूवर पांढरी कीड बसलीया, कापसावानी," ती म्हणाली. "खरडून काढाया येताना दात घासायचे जुने बरश आन. दोन आन, तुलाबी लागंल."