किनवटच्या रेडिओची केबल

किनवटच्या वसतिगृहाच्या बाई मला पहिल्यापासून चाचा म्हणायच्या. लातूरला माझं केबल-अँटेनाचं दुकान, अब्बांनी टाकलेलं. बाईंना मुलींसाठी छोटं रेडिओ केंद्र सुरू करायचं होतं. यंत्रं खोलीत, अँटेना मागच्या टेकडीवर, म्हणून मधे लांबलचक केबल लागणार. दोनशे मीटरचं अख्खं रीळ मीच मागवून दिलं आणि वर छातीठोकपणे सांगितलं, "माल माझा, जबाबदारी माझी."

टेकडीवर चढवण्याआधी केबल नांदेडच्या एका कॉलेजात तपासून घ्यायचं ठरलं. काही दिवसांनी बाईंचा फोन आला. "शेठ, केबल खराब निघाली. सिग्नल मधेच मरतो म्हणाले. परत घेऊन जा." पुढचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चाचाचा शेठ झाला होता. आता त्या मुलींना काय सांगणार, लातूरच्या माणसानं फसवलं म्हणून?

माझा पारा लई लवकर चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी उचलली. बायको म्हणाली, "माल बघायला चाललात का भांडायला?"

"दोन्ही," म्हटलं अन् नांदेडची एसटी पकडली.

प्रयोगशाळेत एक तरुण मॅडम होत्या. मी दारातूनच तोफ सुरू केली. अब्बांच्या काळापासून धंदा करून राहिलो, आजवर कुणी बोट दाखवलं न्हाई, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यासमोर परत मोजते." तिथंच माझी अर्धी हवा गेली.

त्या मशीनला नेटवर्क ॲनालायझर म्हणतात. केबलची दोन्ही टोकं त्यालाच जोडायची. एका टोकातून ते सिग्नल सोडतं, दुसऱ्या टोकाला झेलतं आणि फ्रिक्वेन्सी वाढवत वाढवत पुढं जातं. वाटेत सिग्नल किती गळाला, पोचायला किती वेळ लागला, ते पडद्यावर दिसतं. तर पडद्यावरची रेघ पार तळाला लोळत होती, म्हणजे सिग्नल पोचतच नव्हता. मॅडमनी टोकं उलटी लावली, कनेक्टर बदलले. रेघ जागची हलेना. भांडायला आलो होतो, ते बाजूलाच राहिलं. खरंच खराब माल दिला की काय आपण, असं पहिल्यांदाच मनात आलं.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच म्हातारी झालेली, ती थोडं कण्हली अन् बसली. पंखा नाही, दोघं घामाघूम. मॅडमनी चहा मागवला, तो मी मुकाट्यानं प्यालो.

लाईट आल्यावर मशीन परत चालू झालं, आणि रेघ वर. एकदम झकास.

"काय केलंत आता?" मी विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिल्या, मग कपाळाला हात लावला. मग सांगितलं, तिथं लाईटीचा काही भरवसा नसतो, ती जायच्या आत मोजून व्हावं म्हणून मशीनची फ्रिक्वेन्सी कायम भरभर पुढं पळवायची सगळ्यांना सवय. हातभर केबलला ते चालून जायचं. माझी केबल पडली लांब. सिग्नल पलीकडं पोचेपर्यंत मशीन पुढच्या फ्रिक्वेन्सीला कान लावून बसायचं, मग आलेला सिग्नल त्याला ऐकू कसा येणार? बंद पडून उठल्यावर ते आपल्या मूळच्या संथ चालीनं चाललं, एवढंच. मॅडमनी खात्रीसाठी वेग वाढवला, रेघ पडली. कमी केला, रेघ उठली. दोनतीनदा तेच केलं.

मग मशीनवरच केबलची लांबी बघितली, तर दोनशे पस्तीसच्या आसपास. माझं डोकं परत तापलं. "दोनशेच दिलीय मी. वरचे मीटर आले कुठून?"

मॅडम हसायला लागल्या. "काका, टेपनं दोनशेच भरेल. पण केबलच्या आत सिग्नल मोकळ्या हवेपेक्षा हळू चालतो, म्हणून मशीनला ती जास्त लांब वाटते. त्याला इलेक्ट्रिकल लांबी म्हणतात. केबलच्या कंपनीनं सिग्नलचा जो वेग दिलाय, त्याच्याशी ही बरोबर जुळते. तुमची केबल चांगली आहे."

मला भरून आलं. रुमाल काढून घाम पुसल्याचं नाटक केलं.

मॅडमनी तिथूनच किनवटला फोन लावला, स्पीकरवर. "बाई, चूक आमच्या मोजण्यात होती, केबलमध्ये नाही."

"ते आहेत का तिथं?" बाईंनी विचारलं.

"हाव, हाय मी इथंच," मी म्हटलं.

"चाचा," बाई म्हणाल्या, "केबल घेऊन तुम्हीच या. मुलींना सांगून ठेवते, चाचा येणार म्हणून."

त्या रिळाला दोन माणसं लागतात. मी एकटाच उचलायला लागलो.