पाचवीची अक्षरं

आमच्या गावची शाळा माझ्या वेळी चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी शेजारच्या गावी जावं लागे. पोरीच्या जातीला एवढं लांब कोण पाठवणार, म्हणून माझं शिकणं तिथेच थांबलं. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं.

आता त्याच शाळेत मी मुलांची खिचडी शिजवते. घरी मी एकटीच. लेक अकोल्याला दिली आहे, तिचा फोन रविवारी येतो.

आधीच्या सरांनी एकदा स्वयंपाकखोलीच्या दारावर खडूने लिहिलेलं 'आज वरण-भात' पाहिलं आणि हे अक्षर कोणाचं म्हणून विचारलं. माझं, हे सांगायलाही मला लाज वाटली. तेव्हापासून शाळेचं भित्तिपत्रक माझ्याकडे आलं. मुलं वहीत निबंध लिहीत आणि महिन्यातून एकदा मी ते दोन दुपारी बसून मोठ्या कागदावर उतरवून काढत असे. भांडी घासून झाली की व्हरांड्यात कागद पसरायचा. ज्याचा निबंध असेल ते लेकरू गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. "मावशी, माहं वरतं लिवा, त्याचं खाली." त्या दोन दुपारी मी महिनाभरात बोलत नसे तेवढं बोलत असे.

सरांची बदली झाली आणि मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, अमरावतीच्या. दर्यापुरात खोली करून राहतात आणि काळीपिवळी जीपने येतात. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी शाळेसाठी आठ टॅब मिळवले. मुलांनी निबंध त्यावर लिहायचा, चुकलं तर खोडरबर नको, पुसलेला डाग नको, असं त्या मला उत्साहाने सांगत होत्या. मी मान हलवत होते.

गावाला ते पटलं नाही. एक पालक फाटकाशी उभं राहून म्हणाला, "मॅडम, लेकरायले आधी लिवनं शिकवा, मंग काचीवर बोटं घासा." मॅडम हसल्या. पण तो गेल्यावर पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चहा न्यावा असं मला वाटलं. नेला नाही.

पुढचं भित्तिपत्रक त्या दर्यापूरहून छापून घेऊन आल्या. अक्षरं सगळी एकसारखी. "मावशी, तुमचा त्रास वाचला न आता," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या महिन्यात व्हरांडा नुसता झाडायचं काम उरलं.

मग एका दुपारी त्यांनी मला वर्गात बोलावलं. मुलं ऱ्हस्व-दीर्घ फार चुकवतात, तुमचं शुद्धलेखन पक्कं आहे, आता भित्तिपत्रक तुम्हीच या टॅबवर लिहा, असं म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की हात पदराला दोनदा पुसले.

तिसरीतल्या एका मुलीचा निबंध होता, कपाशीतल्या डवरणीचा, बैल जुंपून ओळींमधलं तण काढतात त्याचा. पहिलाच शब्द डवरणी. मॅडमनी टॅब माझ्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या मुलांकडे वळल्या. मी ड शोधू लागले. काचेवर एकही मराठी अक्षर नव्हतं. सगळी पाचवीची अक्षरं. मुलं इंग्रजी अक्षरं दाबत आणि वर मराठी उमटत असे, हे मला तेव्हा समजलं. त्यांना पहिलीपासून इंग्रजी आहे. मी आपलं ड सारखं दिसणारं एक वळणावळणाचं अक्षर हेरलं, फक्त त्याच्या डोक्यावर रेघ नव्हती. ते दाबलं. वर स आला. पुन्हा दाबलं, अजून एक स.

मॅडम वळून म्हणाल्या, "घाबरू नका मावशी. हळूहळू जमते."

मी घाबरले नव्हते. मराठी लिहायला बसले होते आणि मला मराठी लिहिता येत नव्हतं. शेजारची मुलगी त्या दोन स कडे पाहत होती. मी उठले.

"मले हे आवडत नाही मॅडम. तुमीच करा."

त्यांचा चेहरा उतरला. गावातल्या माणसांसारखीच मीही निघाले, असंच त्यांना वाटलं असणार. गावात कोणीच त्यांच्या बाजूने नव्हतं. मी होते, पण ते त्यांना कसं कळावं? त्यानंतर त्यांनी मला टॅबबद्दल कधी विचारलं नाही. खिचडीत मीठ बरोबर आहे, एवढंच सांगायच्या.

मागच्या आठवड्यात वर्गात एकदम गलका झाला. त्याच तिसरीतल्या मुलीचं बोट कुठल्याशा खुणेवर पडलं आणि इंग्रजी अक्षरं जाऊन मराठी आली. मी ओल्या हातांनी दारापर्यंत गेले. मॅडम टॅब उंच धरून मुलांना दाखवत होत्या. क, ख, ग ओळीने बसले होते. त्यांच्याखालच्या ओळीत ड होता. दारातूनही दिसत होता.

मॅडमचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी टॅब लगेच खाली घेतला, जणू मी तक्रार करायलाच आले होते.

"काही पाहिजे का मावशी?"

मॅडम, मले इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून नाही म्हटलं होतं. एवढंच वाक्य बोलायचं होतं. मुलं माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हटलं. "खिचडी झाली. पोरायले पाठवा."