निपचे कान

मर्ल हॅगर्टीची केल्पी जातीची कुत्री निप शिट्टीवर मेंढ्यांचा अख्खा कळप वळवायची. पण तीन वर्षं तिचे कान सारखे पिकत होते. औषधाचे थेंब संपले की पुन्हा तोच वास, तेच डोकं झटकणं.

"या वेळी बरं झालं नाही, तर कानाची नळीच काढावी लागेल," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "मग शिट्टी विसरा." तिला मेंढीच्या मांसाची ॲलर्जी असावी, अशी त्यांना शंका होती. त्याआधी एकच उपाय होता: थेंब चालू ठेवून आठ आठवडे मेंढीचं मांस बंद, फक्त कांगारूचं.

"मेंढ्या राखणाऱ्या तुझ्या कुत्रीला मेंढी बाधते?" नवरा क्लेम हसला. "उद्या मला काय बाधेल?"

"तुला कामच बाधतं," मर्ल म्हणाली.

खरी धास्ती लोकर कातरणाऱ्यांची होती. चहाच्या सुट्टीत कुत्र्यांना मेंढीच्या चॉपची हाडं टाकायची, ही त्यांची जुनी रीत. मर्लने निपला दोरीने आपल्या कमरेला बांधलं आणि तशीच चहा वाढत फिरली.

"बाईसाहेब, कोणी कोणाला बांधलंय?" मुकादमाने विचारलं.

"हाड तुझ्या ताटातच ठेव," ती म्हणाली.

नवव्या आठवड्यात डॉक्टरांना दोन्ही कान कोरडे, स्वच्छ दिसले. ऑपरेशन टळलं.

दुसऱ्या दिवशी मर्लने फाटकापासून एकदाच शिट्टी मारली. कुरणाच्या पार टोकाला निप वळली आणि कळप घेऊन निघाली.

"आपली निप म्हणजे निपच," क्लेम म्हणाला.

"आता आपली झाली होय?" म्हणत मर्ल ताठ मानेने फाटक उघडायला गेली.