तानाबाईंची निम्मी गोष्ट

तानाबाई एक दिवस पोरीला पार घाबरवून सोडणार, ही धास्ती करुणाच्या मनातून काही केल्या जाईना. तिची सहा वर्षांची एस्तेर भारी भित्री. मांजर गुरगुरलं तरी आईच्या पदरात शिरायची, चारचौघांत तोंडातून शब्द काढायची नाही. आणि चौऱ्याहत्तरच्या नाताळात चर्चमधल्या मुलांना वाटायची बायबलच्या गोष्टींची पुस्तकं निवडणार कोण, तर तानाबाई!

तानाबाई मूळच्या शिरोळच्या. पेठ वडगावात उभी हयात मास्तरीण म्हणून काढली आणि मग कोल्हापुरात येऊन राहिल्या. पाळकसाहेबांचा आवाज प्रवचनात बारीक झाला, तर पहिल्या बाकावरून "मोठ्यानं बोला की!" म्हणणारी बाई. पुस्तक निवडायची त्यांची रीत ठरलेली. उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर बसायचं, पोरांना वाचून दाखवत गोष्ट निम्म्यावर आणायची आणि पुस्तक मिटायचं. पोरं खेळायला पळाली, तर पुस्तक दुकानात परत. बायबल पाठ असलं, तरी पुस्तकातला शेवट त्या स्वतःही आधी बघत नसत.

"मलाच ओढ न्हाय लागली, तर पोरांना काय लागंल?"

त्या रविवारी दोन नमुने आले होते. पसंती दुकानदाराला कळवायचं काम करुणाचं. तिला आवडलेलं पुस्तक सौम्य, फिकट चित्रांचं, पानोपानी उपदेश. तानाबाईंनी ते मिटलं तेव्हा समोर पोरांतला एकटा गुंडू उरला होता, तोही पेंगत.

"ह्यो झोपला. पुस्तक औषधी हाय!"

दुसऱ्यावर जबडा पसरलेला सिंह. करुणाने एस्तेरला जवळ ओढलं. वाचन सुरू झालं तशी पळालेली पोरं एकेक करून परतली. दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकलं, तोंडावर धोंडा लोटला आणि तानाबाईंनी पुस्तक मिटलं.

एकच गलका उसळला. एस्तेर हातातून कधी निसटली, करुणाला कळलंच नाही. ती थेट तानाबाईंपुढे उभी.

"आजी, सिंह जेवलेत का?"

"न्हाय की! उपाशीच हायत."

झालं, आता रडणार, करुणाला वाटलं.

"मग उघडा की लवकर!" एस्तेर सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी ओरडली. "दानीएल आत हाय!"

"करुणा, ही तुझीच व्हय गं?" तानाबाई खदखदून हसल्या आणि तिला मांडीवर घेऊन त्यांनी पान उलटलं. एस्तेर सिंहाच्या दातांवर बोट फिरवत होती.

दुकानदाराला सोमवारी कळवलं तरी चाललं असतं. पण करुणाला आता दम निघेना. त्याच्या घरी फोन होता, आणि कोपऱ्यावर रशीदभाईंच्या किराणा दुकानातही. सिंहाचंच पुस्तक पाठवा म्हणून आजच सांगायचं, असं ठरवून तिनं चपला पायात सरकवल्या.