बंदुकीचं साल

माझी थोरली बहीण छऱ्याच्या बंदुका दुरुस्त करते. नेमबाजीच्या क्लबामागे तिची खोली आहे. एक खिडकी, एक लांब बाक, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने आणि पेचकस, आणि सगळ्याला तेलाचा वास. तो वास तिच्या केसांनाही आहे. पासष्टी ओलांडली तरी सगळे तिला ताईच म्हणतात, माझ्या वयाचे बाप्येसुद्धा. मला कोणी ताई म्हणत नाही. मी 'ताईंची बहीण'. दोन गल्ल्या पलीकडे माझं शिवणकामाचं दुकान आहे, चांगलं चालतं, पण तिथेही बायका माप देता देता विचारतात, "ताई बऱ्या आहेत ना?" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

कुणाच्या माळ्यावर जुनी जर्मन बंदूक सापडली की ती ताईकडे येते. आजोबांची आहे, महायुद्धातली आहे, असं काहीबाही सांगत लोक येतात. ताई आधी हात पुसते, मग बंदूक उलटीपालटी करून बघते. धनुष्य टाकून देऊन बंदूक उंचावलेली बाई कोरलेली दिसली की कारखाना कळला. जवळच्या आकड्यावरून प्रकार कळतो. पंचकोनात 'एफ' असेल तर बंदूक सत्तर सालानंतरची, कारण ती खूण जर्मनीत तेव्हापासून मारू लागले. मग डाव्या बाजूला, लोखंडी नळकांडं लाकडी दस्त्यात बसतं तिथे अगदी मागच्या टोकाला, ती चिंधीनं मळ पुसते आणि भिंग लावते. तिथे बारीक आकड्यांत महिना आणि साल ठोकलेलं असतं. "महायुद्ध कुठलं हो, तुमच्या आजोबांनी पेन्शनीत गेल्यावर घेतलेली दिसतेय," ती म्हणते. माणसं हिरमुसतात, आणि तरी तिला चहा पाजून जातात.

हे सगळं मला कसं ठाऊक? दारात उभं राहून. बाबा हेच काम करायचे आणि ते तिला शेजारी बसवून शिकवायचे. मी उंबऱ्यावर. "तू आपली बाहुलीचे कपडे शिव हं," बाबा म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे, पण मी जळायचे. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात बाप एकच, आणि तो हिनं पटकावलेला.

बाबांची स्वतःची एक जर्मन बंदूक होती. "मुलगी झाली त्या आनंदात घेतली," असं ते सांगायचे. कुठली मुलगी, असं विचारलं की हसून विषय बदलायचे. मग सगळे आपले धरून चालले की थोरलीच. यंदा बाबा गेले. जाण्याआधी आम्हा दोघींना जवळ बसवून म्हणाले, "जिच्यासाठी घेतली तिची ती." बस, एवढंच. पुढच्याच आठवड्यात ताईनं ती नेऊन आपल्या खोलीत टांगलीसुद्धा. मला विचारलं ना पुसलं.

"साल बघ ना तिचं," मी म्हटलं.

"दिसत नाही. पुसट झालंय."

"अख्ख्या जगाच्या बंदुकांची सालं दिसतात तुला, आणि घरचीच दिसत नाही?"

"जुनी आहे गं धाकटे. झिजली."

दोन-तीनदा तिनं मला असंच वाटेला लावलं. शेवटी एका दुपारी मी दुकान बंद करून गेले आणि तिच्यासमोर ठाण मांडून बसले. "माझ्या डोळ्यांदेखत बघ," म्हटलं. तिनं नाइलाजानं बंदूक काढली. बाई होती. आकडा होता. पंचकोन नव्हता.

"म्हणजे सत्तरच्या आधीची," ताई म्हणाली.

"आपण दोघीही सत्तरच्या आधीच्याच. मोठा उजेड पडला! पुढे?"

तिनं भिंग माझ्या हातात दिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी बघितलं. सालाच्या जागी काहीच नव्हतं, गुळगुळीत काळं लोखंड. मग भिंग ठेवलं आणि बोट फिरवलं. रफू केलेलं कापड मला डोळे मिटून कळतं, बोटांनीच जन्म काढलाय मी. बाकीचं नळकांडं गोल होतं, आणि तेवढ्याच जागेवर अंगठ्याएवढा सपाट खोलगट भाग होता. कोरलेल्या बाईच्या हाताची बोटंसुद्धा मोजता येत होती. धरायच्या जागचा रंग उडाला होता. आणि ही जागा, जिथे कुणाचा हातही जात नाही, तिचा रंग मात्र सगळ्यात गडद.

"हात न लागता लोखंड झिजतं होय गं?" मी म्हटलं. "कुणी घासलं?"

ताई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मी."

"कधी?"

"आकडे वाचायला शिकले तेव्हा. साल माझं नव्हतं. तुझं होतं. तू रांगत होतीस, सगळं घर तुझ्यामागे. बाबा कामाला गेले की मी त्यांचा पॉलिश पेपर घ्यायचे. रोज थोडं थोडं घासलं."

इतकी वर्षं मी हिच्यावर जळत होते आणि ही माझ्यावर! खरं सांगते, आधी मला गुदगुल्या झाल्या.

"बाबांना कळलं?"

"पांढरं पडलं होतं लोखंड, न कळायला काय झालं? ओरडले नाहीत. स्वतः बसून परत रंग चढवला. आणि दुसऱ्या दिवसापासून मला शेजारी बसवायला लागले. म्हणाले, हिला हिचं असं काहीतरी पाहिजे."

माझ्या गुदगुल्या तिथेच थांबल्या.

"मला का नाही सांगितलं त्यांनी? जाताना तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी मला."

तिनं बंदूक तेलाच्या फडक्यानं पुसली, स्वच्छ कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझीच आहे. ने. आणि छर्रा नसताना उगाच चाप ओढू नकोस, स्प्रिंग जाईल." डोळ्यांत पाणी, तरी शिकवणं चालूच.

मी बंदूक घेऊन घरी आले. रस्ताभर रडत होते, आणि लोकांना वाटलं असेल बाबांच्या आठवणीनं रडतेय. माझ्यासाठी त्यांनी बंदूक घेतली होती. हिच्यासाठी ते मरेपर्यंत गप्प राहिले. मला ते गप्प राहणं हवं होतं.